व्याह्यांची सोनोग्राफी

जुईनगर,
२० जानेवारी २०२५

श्यामसुंदररावांना जोतीराम शेडगे याचा रामराम. मुलीकडचा आहे म्हणून आधी मीच घालतो.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. कांदा-बटाटा बाजारात टोळीचा मुकादम आहे, माझं सगळं काम तोंडानं चालतं. पण परवा आपण फोनवर बोललो तेव्हा तुम्ही थांबेना, मी थांबेना, आणि शेवटी दोन्हीकडून फोन आपटले गेले. तेव्हापासून आमच्या सईनं आणि तुमच्या स्वानंदनं कायदाच केलाय, की दोन्ही बापांनी एकमेकांना फोन करायचा नाही, काय असेल ते कागदावर लिहायचं. दोघं ऐरोलीला एकाच ऑफिसात आहेत, त्यामुळं पत्र डब्याच्या पिशवीतून पोचेल. पाकीट डिंकानं चिकटवून वर सेलोटेप लावलाय. फाटलेला दिसला तर पोरांना विचारा.

आता मुद्द्यावर येतो. त्या फोनच्या आधीच्या रविवारी तुम्ही सुपारी फोडायला आमच्याकडं आलात. गावाकडची भावकी आली होती. आमच्या मंडळींनी, राजलक्ष्मीनं, दुसरी पुरणपोळी वाढायला घेतली आणि तुम्ही ताटावर हात आडवा धरला. आमच्या भावकीत व्याह्यानं पहिल्या जेवणाला हात आडवा धरणं चांगलं मानत नाहीत. म्हणून मी आग्रह केला, माझ्या दोन्ही चुलत्यांनी केला. तेव्हा तुम्ही सगळ्या पंगतीसमोर म्हणालात, "राग मानू नका, माझ्या लिव्हरवर चरबी आली आहे." त्यानंतर पंगतीत काय झालं ते आठवून बघा. चुलते ताक न पिताच उठले.

श्यामसुंदरराव, आमच्या घरात लिव्हर हा शब्द एकाच कारणानं आलेला आहे. माझे थोरले बंधू हौसेराव लिव्हर बिघडून गेले. दारूनं गेले. त्यांची बायको आणि लेक उज्वला यांचे हाल मी बघितलेत. सईला दारूच्या घरात द्यायची नाही हे मी दादाच्या दहाव्याला ठरवलंय.

म्हणून सरळ विचारतो. तुम्ही घेता का? किती घेता ते विचारत नाही, घेता का एवढंच सांगा. तोवर मे महिन्याचा हॉल मी पक्का करत नाही.

आपला,
जोतीराम शिवराम शेडगे


ऐरोली,
२३ जानेवारी २०२५

श्री. जोतीराम शेडगे यांस,

आपले २० तारखेचे पत्र मिळाले. मजकूर समजला. समजला म्हणजे वाचता आला, पटला असे नव्हे.

मी श्यामसुंदर पेंडुरकर, वय एकसष्ट, द्रोणागिरीच्या मालगोदामातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, आपणास लेखी कळवतो की मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. कंपनीच्या पार्टीला मी घरून लिंबू सरबत नेत असे. खोकल्याचे औषधसुद्धा बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय पीत नाही. आमच्या सौ. जयमालाला विचारा. ती म्हणते, तुम्ही थोडी घेतली असती तर निदान घरात गप्पा तरी झाल्या असत्या.

माझ्या लिव्हरवर चरबी आहे हे खरे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावले ते आपणास कळवतो. आपण जेवलो की रक्तात साखर येते. मग स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन म्हणजे एक निरोप. तो यकृताला, म्हणजे लिव्हरला सांगतो की बाहेरून माल आला आहे, तो ठेवून घे आणि तुझ्या साठ्यातली साखर आता बाहेर काढू नकोस. शहाणे यकृत ऐकते. पण त्यात चरबी भरली की ते ऐकेनासे होते. रक्तात साखर असतानाही आपली साखर सोडतच राहते. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन पाठवते, म्हणजे आवाज चढवते. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. असे बरीच वर्षे चालले की स्वादुपिंड थकते आणि माणसाला मधुमेह होतो. मी सध्या उंबरठ्यावर आहे.

दारूने यकृतावर चरबी येते हे बरोबर. परंतु दारूशिवायही येते, आणि बाईंकडे येणारे बरेचसे लोक माझ्यासारखे सरबतवालेच असतात.

हा खुलासा आपणास पुरेसा वाटेल अशी आशा करतो. हॉल पक्का करावा.

आपला,
श्यामसुंदर पेंडुरकर

ता. क. आपल्या पाकिटाचा सेलोटेप काढताना पत्राचा कोपरा फाटला. पुढील वेळी फक्त डिंक वापरावा.


जुईनगर,
३० जानेवारी २०२५

श्यामसुंदरराव, रामराम.

पत्र राजलक्ष्मीला वाचून दाखवलं. तिला सगळं पटलं. तिला कुणाचंही पटतं, माझं सोडून.

तुमचं लिव्हर निरोप ऐकत नाही म्हणता. असेल. माझ्या टोळीतही भैरू म्हणून एक गडी आहे, तोही निरोप ऐकत नाही. पण तो ऐकत नाही तेव्हा प्यायलेला असतो, एरवी फार गुणाचा. आणि नाही म्हणण्याचं म्हणाल, तर हौसेराव दादाही शेवटपर्यंत नाहीच म्हणायचा. पिणारा माणूस हो कधी म्हणतो? दुधानं तोंड पोळलंय, म्हणून ताकही फुंकून पितोय. राग मानू नका.

राग मानू नका हे आणखी एका गोष्टीसाठीही म्हणतो. सोयरीक करताना चौकशी करावी लागते, ती मी केली. आमच्या टोळीतला सिताराम ऐरोलीत राहतो, त्याला सांगितलं होतं की आमचे व्याही संध्याकाळी कुठं जातात ते जरा बघ. तो असं सांगतो. तुम्ही रोज दिवेलागणीला चालण्याचे बूट घालून घरातनं निघता. कोपऱ्यावर टोपी घातलेला एक उंच माणूस भेटतो. दोघं भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत जाता. तिथं एक अर्धं शटर आहे, त्याखालनं वाकून आत शिरता. थोड्या वेळानं बाहेर येता, नळावर तोंड धुता, रुमालानं मिशा पुसता, दोन्हीकडं बघता आणि बडीशेप खाता. मग घरी जाता.

सिताराम म्हणाला, "मुकादम, तोंड धुऊन बडीशेप खाणारा माणूस कुठनं आला ते मला विचारू नका."

मीही तुम्हाला विचारत नाही. तुम्हीच सांगा.

जोतीराम


ऐरोली,
१ फेब्रुवारी २०२५
(खाजगी. वाचून फाडून टाकावे.)

श्री. शेडगे यांस,

आपण माझ्यावर पाळत ठेवलीत. गोदामाच्या उभ्या नोकरीत माझ्यावर कुणी पाळत ठेवली नव्हती. यावर मला बरेच लिहायचे होते, पण सिताराम यांनी जे पाहिले ते अक्षरशः खरे असल्यामुळे माझी पंचाईत झाली आहे.

त्या शटरच्या मागे दारू नाही. जिलेबी आहे.

तिथे एक हलवाई संध्याकाळी लग्नाच्या ऑर्डरींची जिलेबी तळतो आणि ओळखीच्या चार माणसांना आत बसवून गरम वाढतो. वर रबडी देतो. टोपीवाले गृहस्थ आमच्या सोसायटीचे चिटणीस आहेत. सोसायटीचा योगवर्ग तेच चालवतात, म्हणून त्यांना उघड्यावर खाता येत नाही. मी तोंड धुतो कारण पाक मिशीला लागतो. बडीशेप खातो कारण वेलचीचा वास जयमालाला दुसऱ्या खोलीतून येतो. डॉक्टरीणबाईंनी गोड बंद केल्यापासून तिने घरातला साखरेचा डबा शेजारी नेऊन ठेवला आहे. मी चालायला जातो असा तिचा समज आहे. मी चालतोही, पण तेवढ्यापुरताच.

बाईंनी सांगितले आहे की आपण खातो त्या साखरेतला एक भाग थेट यकृतात जातो, आणि तो फार झाला की यकृत त्याची चरबी करून ठेवते. म्हणजे माझी चरबी कुठून आली हे आता जगात तीन माणसांना ठाऊक आहे, आपण, मी आणि तो हलवाई. चिटणीस मोजत नाही, ते स्वतःच त्याच वाटेवर आहेत. जयमाला हे चौथे नाव त्यात येऊ नये अशी हात जोडून विनंती.

आता माझे म्हणणे. आपल्या मते दारू न पिणाऱ्याचे लिव्हर स्वच्छ असते. ठीक. कर नाही त्याला डर कशाला? आपणही सोनोग्राफी करून घ्या आणि रक्तही तपासा. आपला अहवाल निर्मळ निघाला, तर मी आपल्या भावकीसमोर येईन आणि आपण सांगाल ती शपथ घेईन.

श्या. पेंडुरकर


जुईनगर,
८ फेब्रुवारी २०२५

श्यामसुंदरराव, रामराम.

जिलेबीचं ऐकून निम्मा विश्वास बसला. निम्मा बसला नाही, कारण एवढ्या वयाचा माणूस जिलेबीसाठी शटरखालनं वाकतो हे मनाला पटत नाही.

तुमचं आव्हान घेतलं. ह्या पाठीनं उमेदीत इतकी पोती वाहिलीत, की माझं लिव्हर बघून डॉक्टर त्याचा फोटो भिंतीला लावतील. मला चहाखेरीज कसलं व्यसन नाही, तंबाखूसुद्धा नाही. दादाचे हाल बघितल्यावर मी सुपारीसुद्धा सोडली. सोमवारी जातो. गावाकडनं आई डोळ्याच्या ऑपरेशनला आलेली आहे, तिलाही त्याच दवाखान्यात दाखवायचंय. रिपोर्ट सईबरोबर पाठवतो, तुमच्या रिपोर्टाशेजारी ठेवून बघा.

जोतीराम


ऐरोली,
१ मार्च २०२५

श्री. जोतीरामराव यांस,

आपला सोमवार येऊन गेला, त्यानंतरचेही सोमवार गेले. डब्याच्या पिशवीतून डबा तेवढा येतो.

आपल्या मौनाचा अर्थ मी असा घेतो की आपला अहवाल निर्मळ आहे, आणि आपण मला पत्र लिहिण्याच्याही लायकीचा समजत नाही. आपल्या जागी मी असतो तर कदाचित तेच केले असते.

म्हणून मीच लिहितो. पहिली गोष्ट, जिलेबी बंद केली. जयमालाला मी स्वतः सांगितले. ती इतकी हसली की शेजारचे चौकशीला आले. आता ती संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला येते. मी पाठीमागे पडतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. स्वानंद घरात कुणाशी बोलत नाही. त्याचे म्हणणे, सईही ऑफिसात डबा उघडत नाही आणि विचारले तर रडते. काल जेवताना त्याने मला विचारले, "बाबा, त्या दिवशी तुम्ही ती एक पोळी खाल्ली असती तर काय झालं असतं?" मी ताट बाजूला सारले. पोळी नको म्हणणे बरोबरच होते, तरी सारले.

जोतीरामराव, मला वाईट समजायचे तर समजा, पण मुलांचे लग्न मोडू नका. मुलगा चांगला आहे. तो माझ्यावर गेलेला नाही.

श्यामसुंदर


जुईनगर,
४ मार्च २०२५

श्यामसुंदरराव, रामराम.

तुमच्या पत्रानं जीव थोडा झाला. तुम्हाला वाईट कोण समजतंय? तुम्ही चांगलेच आहात. जिलेबी म्हणजे काय दारू आहे का? राजलक्ष्मी पहिल्यापासून हेच सांगत होती.

माझा रिपोर्ट आलाय, पण त्या मशीनचं काहीतरी बिनसलं असावं असं मला वाटतं. दुसरीकडं बघावं म्हणतो. उन्हं फार वाढलीत. कांद्याची आवक चांगली आहे.

तुम्हाला एक विचारायचं होतं. आमच्या टोळीत एक माणूस आहे. नाव सांगत नाही, तुमच्या ओळखीचा नाही. त्यानं सहज म्हणून सोनोग्राफी केली. तो पीत नाही, अगदी आईशपथ पीत नाही. त्याच्या कागदावर ग्रेड टू फॅटी लिव्हर असं लिहून आलंय, आणि रक्तातली साखरही बरीच निघाली. तो मला विचारतोय, की ग्रेड टू म्हणजे ग्रेड वनपेक्षा बरी की वाईट? शाळेत दुसरी पहिलीच्या पुढं असते म्हणून त्याला आशा आहे. आणि ही चरबी परत उतरते का? तुमच्या बाईंना विचारून कळवलं तर त्या माणसावर उपकार होतील. घाई नाही. उद्या कळवलं तरी चालेल.

जोतीराम


ऐरोली,
५ मार्च २०२५

जोतीरामराव,

ताकाला जाऊन भांडे लपवू नये.

आधी त्या टोळीतल्या माणसाला सांगा. ग्रेड टू ही वनपेक्षा वाईट, पण वेळ गेलेली नाही. मी आज सकाळीच बाईंकडे जाऊन विचारले. वजन उतरले की यकृतातली चरबी उतरते, आणि चरबी उतरली की यकृत पुन्हा निरोप ऐकू लागते. गोड बंद, गोड चहा तर आधी बंद, रोज चालणे, आणि साखरेवर डॉक्टर देतील ती गोळी न चुकता. दुर्लक्ष केले तर मात्र पुढे यकृत आक्रसून निकामी होते, पोटात पाणी होते. दारूचा थेंब न घेता होते. त्यामुळे त्याने हसण्यावारी नेऊ नये. हे सगळे आधी लिहिले, कारण भांडण नंतरही करता येईल.

आता भांडण. आपल्या न्यायाने ज्याचे लिव्हर बिघडले तो पिणारा. मग मी माझा मुलगा आपल्या घरात जावई म्हणून द्यावा की नाही? मी ऐरोलीहून कुणाला पाळतीवर पाठवू? चिटणीस मोकळे आहेत, हलवायाकडे आता एकटे जावे लागते म्हणून उदास असतात. मुकादम कुठल्या गाळ्यात शिरतात आणि काय पिऊन बाहेर येतात, एवढेच बघायचे आहे.

हे लिहून मला जेवढा आनंद होईल असे वाटले होते तेवढा झाला नाही. आपली तब्येत कशी आहे ते खरे लिहा.

श्यामसुंदर


जुईनगर,
१२ मार्च २०२५

श्यामसुंदरराव, रामराम.

तो माणूस मीच आहे. तुम्हाला कळलंच होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलं. पाळतीला चिटणिसांना पाठवू नका, मीच सांगतो काय पितो ते. चहा पितो. पोती वाहत होतो तेव्हा दिवसाचे दोन-चार व्हायचे आणि घामावाटे निघून जायचे. मुकादम झालो आणि पाठीवरचं पोतं उतरलं. आता मी गाळ्यागाळ्यांतनं फिरतो आणि प्रत्येक गाळ्यावर शेठ म्हणतो, मुकादम, चहा घ्या. नाही म्हटलं तर त्याला वाटतं टोळी दुसऱ्याकडं न्यायची असेल. बाजारातला चहा कसा असतो तुम्हाला माहीत नाही, त्यात चमचा उभा राहतो एवढी साखर. डॉक्टरांनी विचारलं दिवसाला किती, तर मला सांगता येईना. शेवटी सिताराम बाहेर बसला होता, त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

हे सगळं निस्तरता येईल. पण पुढचं मला निस्तरत नाही. डॉक्टर बोलले तेव्हा आई शेजारी होती, डोळ्याला पट्टी बांधलेली. बाकी काही तिला कळलं नाही, पण लिव्हर हा शब्द कळला. घरी आली, पिशवी भरली आणि मला म्हणाली, "तूही त्याच वाटेनं चाललास." दुसऱ्या दिवशी उज्वलाला बोलावून घेतलं आणि तिच्याबरोबर गावी गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. फोन केला तर उज्वला घेते आणि आजी शेतात गेलीय म्हणते. पट्टी बांधलेली बाई शेतात कशाला जाईल?

मी पीत नाही हे मी तिला कसं पटवू? जेवढं नाही म्हणेन तेवढा मी दादासारखा दिसेन. तुमच्या बाबतीत मी जे केलं होतं ते आता माझ्याच अंगाला लागतंय. वाईट वाटतं, एवढंच म्हणतो.

हॉल पक्का केला. माझ्याकडनं आता काही अडकलेलं नाही. पण आई लग्नाला येणार नाही म्हणते, आणि सईवर आजीनं अक्षता टाकल्याशिवाय हे लग्न मला लावता येणार नाही. सई आजीच्या हातावर वाढलीय.

एक मागणं आहे. माझं आई ऐकत नाही, राजलक्ष्मीचं ऐकत नाही, बायको नवऱ्याचीच बाजू घेणार म्हणते. तुम्ही तिला पत्र लिहाल का? मी पीत नाही म्हणून. तुमचं अक्षरही चांगलं आहे.

तुमचा,
जोतीराम


ऐरोली,
२४ मार्च २०२५

तीर्थरूप राजाबाई यांच्या पायांशी, श्यामसुंदर पेंडुरकर याचा नमस्कार.

आपण मला एकदाच पाहिले आहे. पुरणपोळी नको म्हणणारा तो मीच. या पत्रासाठी आपला मुलगा जोतीराम याने मला गळ घातली आहे, हे आधीच सांगतो, कारण मला लपवालपवी जमत नाही. एकदा करून पाहिली, अंगाशी आली.

आपला मुलगा दारू पीत नाही. हे मी लेखी देतो. आपण म्हणाल, याला काय माहीत? तर आई, मी त्याचा व्याही आहे. व्याही व्याह्याची फुकट स्तुती करत नसतो. दोन महिने तो माझे दोष शोधत होता आणि मी त्याचे. मला त्याचा एवढाच दोष सापडला, की तो कोणत्याही गाळ्यावर चहाला नाही म्हणत नाही.

लिव्हर बिघडायला दारूच लागते असे नाही. हे माझे मत नव्हे, डॉक्टरांचे आहे. गोड फार झाले, वजन वाढले, अंगमेहनत सुटली, की लिव्हरमध्ये चरबी साठते. मग ते शरीराचे ऐकत नाही, साखर सोडत राहते, आणि माणसाला साखरेचा आजार जडतो. वर्षानुवर्षे तसेच राहिले तर लिव्हर कायमचे निकामी होते. ज्याने कधी थेंब चाखला नाही त्याचेही होते. माझे बिघडले आहे, जोतीरामचे बिघडले आहे, आणि आम्ही दोघेही कोरडे आहोत. आता आम्ही रविवारी सकाळी पाम बीच रस्त्याच्या कडेने बरोबर चालतो. तो पुढे असतो, पण बोलतो इतका की शेवटी मी गाठतो.

त्याचे वजन उतरू लागले आहे. तो बरा होईल. आपण लग्नाला यावे. आपण आला नाहीत तर तो लग्न लावणार नाही, आणि माझा मुलगा पुन्हा मला तोच प्रश्न विचारील.

आपला आज्ञाधारक,
श्यामसुंदर पेंडुरकर


मु. पो. निगडवाडी, जि. सातारा,
३१ मार्च २०२५

पाव्हणं, रामराम.

डोळ्याची पट्टी सुटली, पर मला वाचता येत न्हाई, म्हनून उज्वला लिवती. मी बोलती तसंच लिव म्हनून सांगितलंय.

तुमचं पत्र पोचलं. उज्वलानं घरात वाचून दाखवलं. मग मी तिला मारुतीच्या देवळाम्होरं घेऊन गेले आणि तितं सगळ्यांदेखत पुन्हा वाचायला लावलं. माणसं व्हती. जोतीरामाचे दोन्ही चुलते व्हते. लिव्हर बिघडायला दारूच लागती असं न्हाई, हे मी तिला दोनदा वाचायला लावलं.

जोतीरामावर माझा राग न्हाई. लिव्हर म्हटलं आनि मी पिशवी भरली. एक ल्योक त्यापायी गेला, दुसऱ्याचं बघवंना, म्हनून उठून आले. तोंडाला आलं ते बोलले. त्याला सांगा, आई बोलती म्हनावं. आनि च्या सोड म्हनावं.

आता माझं ऐका. माझा हौसेराव पीत नव्हता. गुऱ्हाळावर चुलवणापाशी कामाला व्हता. सकाळपासनं रस, काकवी, गरम गूळ, त्यावरच पोट भरायचा. अंगानं सुटला व्हता. साखरेचा आजार निघाला, मग पोट फुगलं. डाक्टर म्हणाला लिव्हर, आनि गाव म्हणालं दारू. भावकी म्हणाली, जोतीराम म्हणाला. त्यो माझा हात धरून सांगायचा, आई, मी घेतली न्हाई. मला ठावं व्हतं. मी आई हाय, मला वास कळतो. पर आईचं कोन ऐकतंय? त्यो तसाच गेला. उज्वलाची दोन स्थळं बाप दारूनं गेला म्हनून माघारी गेली.

लग्नाला मी येती. अक्षता टाकती. पर तुमी एक करा. त्या कागदावर जोतीरामाच्या खाली हौसेरावाचंबी नाव घाला. तुमी त्याला बघितलं न्हाई, खरं हाय. पर गाव तुमचं ऐकतं, तुमी लिवा. मला पुन्हा देवळाम्होरं वाचायला लावायचं हाय.

राजाबाई

काका, नमस्कार. मी उज्वला. आजी बोलली तसंच लिहिलं. घालणार असाल तर नावात चूक नको, म्हणून खाली पूर्ण देते.

कै. हौसेराव शिवराम शेडगे. माझे वडील.